कड्यावरचं ऊन

पारख्याने चित्र टेबलावर पालथं घातलं आणि मागच्या खिळ्यांवरून अंगठा फिरवला. मग ते सरळ केलं. समोर दरी, पलीकडे निळे डोंगर, अलीकडे गवताचा उतार. सही कुठेच नव्हती.

मुलगी त्याच्या शेजारी उभी होती. घर रंगवायला काढलं तेव्हा कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं हे चित्र तिलाच सापडलं होतं. तिचे वडील चित्रकार. ती पाळण्यात होती तेव्हा ते कड्यावरून पडून गेले. चित्र काढायला एकटेच गेले होते, असं सगळे सांगत. त्यांची चित्रं पुढे एकेक करून विकली गेली, तिच्या वाट्याला एकही आलं नाही. हे त्यांचं निघालं तर ती ते आपल्या घरी लावणार होती. नाहीतर उद्या भंगारवाला यायचाच होता.

आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. तिचं म्हणणं एकच. चित्र बाजारातलं आहे, पडद्याच्या कापडाबरोबर घेतलेलं, भिंतीवरची ओल झाकायला. ओल गेली, तसं तेही कपाटामागे गेलं. यांच्या चित्रावर वीतभर सही असायची, ती म्हणाली, डोंगर एक वेळ नजरेतून सुटेल, सही सुटायची नाही. एवढ्यासाठी भल्या माणसाची दुपार कशाला घालवायची, त्यांना चहा दे आणि मोकळं कर.

पारखी हसला. त्यालाही तसंच वाटत होतं. दिवाणखान्यात लावायचे असले देखावे त्याने ढिगाने पाहिले होते. आभाळ एकाचं, झाडं दुसऱ्याची, पाणी तिसऱ्याचं. सही करायची तरी कोणी? तरी सवयीप्रमाणे त्याने पडदा ओढायला सांगितला आणि विजेरी चित्राला जवळजवळ टेकवून आडवी धरली. आडव्या उजेडात रंगाची प्रत्येक रेघ वर येते.

गवतावर दोन सावल्या होत्या. एक बुटकी, बसलेल्या माणसाची, शेजारी चित्र टेकवायच्या तिकाटण्याचे पाय. म्हणजे ही नक्कल नव्हती. कोणीतरी सकाळचं ऊन पाठीवर घेऊन त्या उतारावर बसलं होतं आणि दिसलं ते सगळं रंगवलं होतं, स्वतःच्या सावलीसकट. हात ओळखीचा होता; त्या चित्रकाराची विकली गेलेली चित्रं त्याने पाहिली होती. आणि सही शेवटी होते. हे चित्र पुरं झालंच नव्हतं. पारख्याने मुलीला तसं सांगितलं. चित्र तिच्या वडिलांचंच होतं. तिने तोंडावर हात धरला.

त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण विजेरी हलेना.

दुसरी सावली उभी होती, अरुंद. तिच्या रंगाखाली आणखी कडा होत्या. त्याने दोनदा मोजल्या. तिची धरून आठ. चित्रकार रोज त्याच वेळी येऊन बसत असणार. सावली कालच्या जागी नसली की कालची वरून रंगाने झाकायची आणि आजची रंगवायची. पहिली कड चित्राच्या अगदी तळाशी होती. पुढची थोडी वर. त्यापुढची आणखी वर. आठवी बसलेल्या सावलीच्या खांद्याला लागली होती.

मागे कोणीतरी रोज येऊन उभं राहत होतं, पारखी हळू आवाजात म्हणाला, आणि रोज थोडं जवळ. त्यांनी वळून पाहिलं कसं नाही? वडिलांचे भाऊ, तिचे काका, त्यांच्याबद्दल नेहमी सांगत ते मुलीला ठाऊक होतं. ते रंगवायला बसले की घरात हाका मारमारून घसा सुकायचा, पण मान वळायची नाही.

"ती झाडाची सावली आहे," आई म्हणाली. मटार सोलणं थांबलं नव्हतं.

"झाड रोज एकेक पाऊल पुढे येत नाही, ताई."

आईने वाडगा खाली ठेवला. ओल्या बोटांना लागलेली सालं पुसली आणि टेबलापाशी आली. विजेरीच्या उजेडात वाकून तिने चित्र बराच वेळ पाहिलं. मग सगळ्यात वरच्या कडेवर बोट ठेवलं.

"हा आठवा दिवस," ती म्हणाली. "नवव्या दिवशी मी त्यांच्या खांद्याला हात लावला."