ताईची हिरवी रेघ

आज काही झालं तरी खुर्चीतून उठायचं नाही, असं मी घरूनच ठरवून आलो होतो.

माझ्यासारख्या स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या शरीराला भावना कशा कळतात, हे दवाखान्यात तपासत होते. माझ्या बोटांना वायरी लावल्या आणि तुलनेसाठी शेजारी बसलेल्या ताईच्याही. पडद्यावर माझी रेघ निळी, तिची हिरवी.

आधी चित्रं दाखवली. साप, आग, रडणारं मूल. माझा चेहरा ढिम्म, पण निळी रेघ उड्या मारत होती.

"वरून दगड, आत केवढी धडधड!" मशीनवाल्या बाई म्हणाल्या.

"लहानपणापासून आतल्या गाठीचाच आहे तो," ताई म्हणाली.

मग चित्रं संपली, आणि कोपऱ्यातल्या बंद कपाटातून टकटक झाली. जाईन तिथल्या कपाटातून अकरा वर्षं येते तीच. आमचा नियम ठरलेला होता: ताईला विचारायचं, ती नाही म्हणाली की तो आवाज खरा नाही. त्या नियमाच्या जिवावर मी नोकरी टिकवली, झोप मिळवली.

मी जागचा हललो नाही. "ताई, काही ऐकलंस?"

"नाही रे राजा. काहीच नाही."

पुन्हा टकटक झाली. माझी निळी रेघ सरळच राहिली. अंगाला सवय झाली होती.

हिरवी रेघ उसळून पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन धडकली. ताई माझ्याकडे बघून हसतच होती.