कणकेचं बटण

“मामंजी, थांबा!” सून ओरडेपर्यंत सासऱ्यांनी तिच्या इलेक्ट्रॉनिक ड्रम-पॅडवर ओली कणीक थापलीसुद्धा.

“कणकेशिवाय पखवाज घुमतो होय, पोरी?”

खांदा धरल्यापासून खऱ्या पखवाजावर त्यांची थाप उमटत नव्हती. पॅडला नुसतं बोट पुरे. पण आज हे जमलं नाही, तर देवळातली कीर्तनाची साथ कायमची सुटणार होती.

तिने पॅड खरवडून पुसलं, लॅपटॉपवर जुळवाजुळव केली आणि त्यांची बोटं एका गोल बटणावर ठेवली. “तुमची कणीक आता इथे. फिरवाल तितकी जास्त.”

त्यांनी बटण फिरवून थाप दिली. स्पीकर असा घुमला, की समोर उभ्या कीर्तनकार बुवांनी चिपळ्याच उचलल्या.

कीर्तन रंगलं. मामंजी मात्र देवळाबाहेरच्या गाईसमोर अवघडून उभे. “पखवाजाची कणीक नेहमी हिला घालतो. आज काय घालू, बटण?”

सुनेने हसत डबी उघडली. आत खरवडलेला गोळा होता.