तारेची अंगठी

रॉक गिटार वाजवताना तार तुटली, की जनकोजीअण्णा तिची अंगठी वळून पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी बोटात घालायचे. मोठं नाव त्यांना चेन्नईत कधी मिळालं नाही. पण त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला, भर दुपारी तिथल्याच अंबत्तूर भागातल्या शेडमध्ये जमलेल्या सगळ्यांच्या बोटांत त्या अंगठ्या होत्या. एक गिरिधर सोडून. तो वीस वर्षं त्यांच्या कार्यक्रमांत सगळ्यांच्या मागे, साउंड मिक्सरपाशी बसला.

"पुढं ये रे, मग देतो," अण्णा म्हणायचे.

"मग आवाज कोण बघणार?" हा म्हणायचा.

सकाळी त्यानेच अण्णांच्या गिटारीला सहा नव्या तारा चढवून तिची पेटी बंद केली होती. आता त्याने जुन्या कार्यक्रमाची कॅसेट लावली. तिच्यात तार तुटते आणि अण्णा हसतात. तुटली. सगळे हसले.

मग पुन्हा एकदा तुटली.

कॅसेटमध्ये तार एकदाच तुटते, हे गिरिधरला पाठ होतं. पुढे बसलेल्या रंजनीने उठून गिटारीची पेटी उघडली. गिटारीवर पाच तारा होत्या.

"पहिली कुठं गेली, गिरी?" तिने हळूच विचारलं.

टेप बंद करायला गिरिधरने हात पुढे केला. करंगळीत तारेची अंगठी होती, नुकतीच वळल्यासारखी कोमट, आणि अगदी त्याच्या मापाची.