सालीजवळची फळी

नव्या दाराच्या फटीतून राजवर्धनचं बोट आरपार गेलं. वादळात परसातला कडुनिंब पडला, तेव्हा त्याचं दार करून घे, असं त्यानंच आईला फोनवर सांगितलं होतं. फौजेतून सुट्टीवर आलेल्या माणसाला घरातलं सगळंच ठाकठीक करायची घाई असते. दार करणाऱ्या आप्पासो सुताराला त्यानं शिराळ्याहून बोलावलं.

आप्पासो फट बुजवायला पट्टी घेऊन आला, आणि राजवर्धननं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. गाभ्याच्या दोन फळ्या अजून एकमेकींना घट्ट धरून होत्या. तिसरी, सालीजवळची पांढरी, पार आक्रसली होती. सालीजवळचं लाकूड ओलं असतं, सुकताना तेच जास्त आवळतं, एवढं सुताराला कळू नये?

"ठावं हुतं रं," आप्पासो म्हणाला. "तुज्या आईला सांगितलं, ही सुकली की फट पडनार. म्हनली, मग तीच घाल."

त्याची आई, बनुबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. 

राजवर्धनला काही उमगेना. गेल्या हिवाळ्यात उघड्या दारात त्याची वाट बघत बसून बसून ती आजारी पडली होती. तेव्हा त्यानं तिला स्वतःची शपथ घातली, की दार उघडं टाकून बसायचं नाही. ती बिचारी पाळतही होती.

"आई, वारं येतंय की ह्यातनं."

"येतंय थोडं. रस्ता बी येतोय," बनुबाई म्हणाली. "दार लावूनच बसते मी. तुजी शपथ मोडली न्हाई."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. फटीतून समोरच्या रस्त्याचा एवढासा तुकडा दिसत होता. यष्टी थांबते तिथला, दगडाजवळचा. आत्ता तिथं कुणीच नव्हतं. पट्टी राहू दे, असं त्यानं आप्पासोला सांगितलं. आप्पासो पट्टी घेऊन आल्या पावली परत गेला.

सुट्टी संपली. निघताना राजवर्धननं दार बाहेरून ओढून घेतलं. थांब्यावरची माणसं चिंचेच्या सावलीत बसली होती. हा मात्र दगडाजवळ भर उन्हात उभा राहिला. यष्टी आली, तसा त्यानं घराकडं हात हलवला.

"बंद दाराला हात करतोय गडी," कुणीतरी हसलं.

फटीतून पिठानं माखलेलं एक बोट बाहेर आलं आणि हललं.