लांब पडतं

"मास्तर, आली बघा," शेजारचा घड्याळवाला म्हणाला, आणि शिंपीमास्तर हातातलं काम मशीनखाली तसंच सोडून दाराशी आले. नवी कोरी बस दुकानासमोर थांबली. "मुख्य बाजार. उतरताना सांभाळा," बसमधला रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज खणखणीत बोलला. चारपाच जण उतरले. त्यांत मास्तरांची लेक नव्हती.

"पुढच्या बसने येईल. आता काय, तिच्या दारात बसायचं न् तुमच्या दारात उतरायचं," घड्याळवाला म्हणाला.

ते खरंच होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी या रस्त्याच्या कामाची गत झाली होती, पण एकदाचं झालं. खड्डे गेले, पदपथ रुंद झाला, बसायला बाकं आली. आणि लेकीच्या वसाहतीतून थेट इथे येणारी बस सुरू झाली. आधी दोनदा गाडी बदलावी लागे, वर धुळीतून पायपीट. म्हणून तर लेक वर्षाकाठी एखादी चक्कर टाकायची. "लांब पडतं हो, बाबा," म्हणायची. बायको गेल्यावर मास्तर त्या शब्दावरच जगले होते. पोरगी मायाळू आहे, रस्ता तेवढा वाईट आहे.

बस सुरू झाल्याचं त्यांनी हरखून फोनवर सांगितलं. "अरे वा, रविवारी बघते हं," लेक म्हणाली. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी डोकं दुखलं. मग तिचा फोन यायचाच थांबला, आणि मास्तरांनी केलेला नुसता वाजत राहायला लागला. मास्तर मात्र प्रत्येक बसला दाराशी. अशाच एका दुपारी त्यांनी गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावे जोडले. गिऱ्हाईक पोट धरून हसलं. मास्तरांना हसू आलं नाही.

ती पँट उसवायला बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. अंतर मिटलं, तसं बिचारीजवळ होतं नव्हतं ते कारणही गेलं. आता ती तोंड चुकवत होती. पूर्वी भेट नसली तरी आवाज तरी ऐकू यायचा. मास्तरांनी सुई खाली ठेवली आणि फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

"बाबा, मी करणारच होते फोन. या रविवारी ना..."

"ते राहू दे गं. ती बस बंद केली."

"बंद? का हो?"

"चालली नाही म्हणे. पुन्हा दोनदा गाडी बदलणं आलं नशिबी. तू उगाच दगदग करू नकोस. लांब पडतं."

मग तिचा आवाज सैल झाला. खोकला कसा आहे, चष्म्याचा नंबर वाढला का, सगळं विचारलं. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवली आणि लहानपणी हसायची तशी हसली. किती दिवसांनी ती अशी भरभरून बोलत होती. मास्तर कान देऊन ऐकत होते.

"लांब आहात म्हणून, बाबा. नाहीतर रोज आले असते."

दारात बस येऊन थांबली. आतल्या बाईचा आवाज बोलायच्या आत मास्तरांनी फोनवर घट्ट हात दाबला आणि बस निघून गेल्यावर म्हणाले, "माहीत आहे गं मला."