रांग कुणी लावली?

झरीतल्या बायकांच्या प्रौढ शिक्षण वर्गात बन्सीधर गुरुजींनी शाळेतला एक तक्ता टांगला. डावीकडं माकड, मग कंबरेत वाकलेला कुणीतरी, आणि शेवटी उजवीकडं ऐटीत चालणारा माणूस. “माणूस असा पुढं येत गेला,” गुरुजी म्हणाले.

पाटलीण केशरबाईंनी पंचफुलाकडं पाहिलं. बौद्धवाड्यातली पंचफुला त्यांच्याच शेतात खुरपायला जायची. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीपासून दोघींचं बोलणं तुटलं होतं. “काही लोकं अजून मागंच हायेत, गुरुजी.” बायका हसल्या.

पंचफुलाला झोंबलं. पण त्याहून तिला चित्राचंच नवल वाटत होतं. ती उठून तक्त्याजवळ गेली. “गुरुजी, माकडाचा माणूस झाला, तर मंग आपल्या चिंचेवर अजून माकडं कशी?”

गुरुजी गडबडले. मग खरं ते बोलले. “तक्ताच चुकीचा हाय, बाई. त्यांचा आन आपला मूळ पुरुष एकच. तिथून भावकी फुटत गेली. कुणी म्होरं न्हाई, कुणी मागं न्हाई.”

“मंग ही रांग कुणी लावली?”

“माणसानंच.”

पंचफुला खुदकन हसली. “तरीच! पाटलीणबाई, माकडानं चित्र काढलं असतं, तर आपुन दोघी बी मागंच असतो की वो!”

केशरबाईंना हसू आवरेना. पदरानं तोंड पुसत त्या उठल्या आणि दीड वर्षानं पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या, “सरक गं जरा. मला बी जवळून बघू दे.”