जागचं हलायचं नाही

सुशांतनं तिसऱ्यांदा बेल दाबली. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता, पण दार काही कोणी उघडेना.

त्याची स्नूकरची फायनल दुपारीच उरकली होती. गोरेगावच्या स्टुडिओत चित्रीकरण दुपारी, टीव्हीवर दाखवणार संध्याकाळी, आणि तोवर निकाल बाहेर फोडायचा नाही, असं आयोजकांनी बजावलं होतं. घरचे मात्र समजून बसले होते की तो आत्ता तिकडे खेळतोय. मॅच दाखवायच्या आत घर गाठावं आणि आपल्या तोंडानं सांगून मोकळं व्हावं, म्हणून तो रिक्षात बसला. मुलुंडला येईपर्यंत ट्रॅफिकनं त्या बेताची पार वाट लावली.

सांगायचं होतं ते एवढंच, की हरलो. टेबलावर एकटा काळा चेंडू उरला होता. तो जो पॉकेटात घालेल, फायनल त्याची. आणि होताही किती सोपा! सुशांतनं मारला, तो पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थबकला, आणि समोरच्या सुबोधनं अलगद आत ढकलला.

बाबा काय म्हणणार हे त्याला पाठ होतं. त्यानं बँकेतली नोकरी सोडली तेव्हापासून ते त्याच्याशी धड बोलत नव्हते. समोरासमोर जेवायला बसले तरी “त्याला विचार, भात हवाय का,” असं आईला सांगायचे. स्नूकरला त्यांनी नाव ठेवलं होतं, टेबलावरच्या गोट्या. “ही फायनल हरलो तर पुन्हा टेबलाला हात लावणार नाही, गपचूप नोकरी शोधीन,” असं सुशांतही परवा तिरमिरीत बोलून बसला होता.

त्यानं पुन्हा बेल दाबली.

“श्रुतिका, बघ ना गं कोण आहे!” आतून आईचा आवाज आला.

“मी कशी उठू? बाबा ओरडतील ना!” धाकटी बहीण करवादली.

सुशांत पॅसेजमधल्या खिडकीशी गेला आणि आत डोकावला. तिघांचीही पाठ त्याच्याकडे होती. आई जमिनीवर, मांडीत निवडायची मेथी तशीच. श्रुतिका सोफ्याच्या हातावर अवघडून बसलेली. आणि ऐन मध्ये बाबा उभे, हातात बाजाराची पिशवी, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. मॅच बघायला लागू नये म्हणून बाजारात निघाले असणार, आणि निघता निघता अडकले.

हा या घरातला जुना नियम होता. मॅच रंगात आली की जो जिथे असेल त्यानं तिथेच राहायचं, हललं की विकेट पडते. एका वर्ल्डकपला तर बिचारी काकू अंगावर ओला टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात ताटकळली होती. पण तो नियम क्रिकेटचा, आणि तोही भारत खेळत असला तरच. गोट्यांना तो कधीच लागू नव्हता.

टीव्हीवरचा सुशांत काळ्या चेंडूसमोर वाकला. खिडकीतल्या सुशांतनं हाक मारायला तोंड उघडलं.

“कोणी हलूचा नाय हां!” बाबा टीव्हीवरची नजर न काढता गरजले. “वाजू दे ती बेल. माझो झील खेळता हा थंय!”

चेव आला की बाबा मालवणीत शिरायचे, पण ‘माझो झील’, माझा मुलगा, हे त्यांच्या तोंडून सुशांतनं नोकरी सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. हाक ओठांवरच राहिली. तो चेंडू कुठे जाऊन थबकणार, हे त्या अख्ख्या इमारतीत फक्त त्याला ठाऊक होतं. तेवढ्यात मानेवर एक डास कडकडून चावला.

सुशांत जागचा हलला नाही.